फोटो हलला की फोकस गेला? कोकण किनाऱ्यावर माणसांचे फोटो काढणाऱ्या नवख्यांसाठी

कोकण फिरून आलेल्यांच्या कॅमेऱ्यात समुद्राचे फोटो बहुधा बरे येतात. माणसांचे येत नाहीत. समुद्र लांब असतो, थोडा इकडेतिकडे झाला तरी त्याला कोणी विचारत नाही. चेहऱ्याचं तसं नाही. बघणारा सगळ्यात आधी डोळे बघतो, आणि तेच धूसर असले की मागचा सूर्यास्त कितीही शेंदरी असो, फोटो बाद.

साधा डीएसएलआर किंवा मिररलेस, सोबत मिळालेली १८-५५ ची किट लेन्स आणि फार तर एक ५० मिमी एफ १.८, एवढंच सामान ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. मोबाइलवाल्यांसाठी शेवटी वेगळा भाग आहे, पण मधलं त्यांच्याही कामाचं आहे. मागची झाडं मुद्दाम धूसर करणं हा आजचा विषय नाही. नको तिथे येणारा धूसरपणा कसा टाळायचा, एवढंच बघू.

आधी दोष ओळखा

"फोटो हललाय" असं आपण सरसकट म्हणतो आणि नवी लेन्स घ्यायच्या गोष्टी सुरू करतो. जरा थांबा. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर सगळेच फोटो झकास दिसतात, म्हणून फोटो काढला की तिथल्या तिथे डोळ्यापर्यंत झूम करून बघा.

डोळे धूसर, पण कान, सदऱ्याची कॉलर किंवा मागचा माड शार्प असेल तर फोकस चुकीच्या जागी बसलाय. इथे शटरचा वेग वाढवून काही होणार नाही. फोटोत काहीच शार्प नाही आणि डोळ्यातल्या चमकत्या ठिपक्याची बारीक रेघ झाली असेल, तर तुमचा हात हललाय. मागची भिंत स्वच्छ, पण समोरच्याचा हात किंवा हनुवटी पुसल्यासारखी दिसत असेल, तर माणूस हललंय. आणि सगळा फोटोच दुधाळ, काळे केस राखाडी, उजेडाभोवती वलय असं असेल, तर दोष काचेचा.

हे काचेचं प्रकरण घाटावर लोक शेवटी तपासतात. किनाऱ्यावर ते पहिलं तपासायचं, म्हणून सुरुवातही तिथूनच.

काच: वाफ, खार आणि बुरशी

गाडीच्या किंवा हॉटेलच्या एसीत गार झालेला कॅमेरा पुळणीवर उतरल्याबरोबर बाहेर काढला, की दमट हवेतली वाफ थंड काचेवर धरते. रुमालाने पुसली तरी मिनिटभरात परत येते, कारण काच अजून गारच असते. नवखे लोक इथे पुसत बसतात आणि चांगला उजेड निघून जातो. त्यापेक्षा पोचायच्या अर्धा तास आधी गाडीचा एसी बंद करा, खिडक्या उघडा आणि कॅमेरा बॅगेत चेन लावून तसाच राहू द्या. बाहेरच्या हवेशी त्याचं हळूहळू जमतं आणि ओल धरलीच तर बॅगेवर धरते. काचेवर वाफ असताना लेन्स काढू नका, तीच दमट हवा आत शिरते.

दुसरा त्रास खाराचा. दुपारनंतर समुद्रावरून खारा वारा सुटतो, लाटांचे बारीक तुषार घेऊन येतो आणि लेन्सवर पातळ थर बसवतो. समोरून बघितलं तर काच स्वच्छच वाटते. उजेडात तिरकी धरली की थर दिसतो. माणसाच्या पाठीशी सूर्य ठेवून त्याला उभं केलं की हाच थर सगळा फोटो दुधाळ करून टाकतो. साफ करताना क्रम चुकवू नका: आधी ब्लोअरने रेती उडवायची, मग मऊ ब्रश, मग लेन्स क्लीनरचे दोन थेंब टाकलेलं मायक्रोफायबरचं कापड. थेंब कापडावर टाकायचे, काचेवर नाही. कोरड्या कापडाने खार फक्त पसरतो. शर्टाचं टोक किंवा ओढणी तर मुळीच नको. त्यात अडकलेला रेतीचा एक कण काचेवर कायमची रेघ मारून जातो.

यूव्ही फिल्टर, म्हणजे लेन्सपुढे बसवायची साधी काच, लावावा का? लाटांजवळ उभे असाल तर लावा, काच वाचेल. पण सूर्य समोर घेऊन फोटो काढायचा असेल आणि वारा पडलेला असेल तर तो काढून ठेवा. स्वस्त फिल्टरवर उजेड आपटून आणखी एक दुधाळपणा येतो. लेन्सचा हुड मात्र कायम लावलेला असू द्या. तो उजेडही अडवतो आणि तुषारही.

बुरशीचं थोडक्यात सांगतो. पावसाळ्यात कपाटात बंद ठेवलेल्या लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी, आणि ती घरी निघत नाही. हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून त्यात लेन्स ठेवा, शक्य असेल तर आतली आर्द्रता ४० ते ५० टक्के राहील असं बघा. निळे खडे गुलाबी झाले की ते ओल प्यायलेत असं समजून तापवून पुन्हा वापरायचे. चामड्याच्या किंवा कापडी कव्हरात लेन्स घालून पूर्ण पावसाळा काढू नका.

शटर: कॅमेऱ्याला ठरवू देऊ नका

शटर म्हणजे फोटो टिपायला कॅमेरा जेवढा वेळ उघडा राहतो तो. जुना हिशोब असा की लेन्स जितक्या मिमीची, शटर निदान सेकंदाच्या तितक्या भागाचं. ५० मिमीला १/५०. पण बहुतेक साध्या कॅमेऱ्यांचा सेन्सर लहान असतो, त्यामुळे दीडपट धरा (कॅननवर १.६ पट). म्हणजे ५० मिमीला १/८०. हा हिशोब तुमच्या हाताच्या थरथरीपुरता आहे, समोरच्या माणसाला तो लागू नाही. माणूस श्वास घेतं, डुलतं, बोलताना मान हलवतं. शांत उभ्या माणसाला १/२००, चालणाऱ्याला किंवा काम करणाऱ्याला १/५००, पुळणीवर धावणाऱ्या पोरांना १/१०००, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मे फोटो वाचतील. लेन्समधलं किंवा कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन तुमची थरथर सावरतं, समोरच्याची हालचाल थांबवत नाही. त्याच्या भरवशावर १/३० ला माणसाचा फोटो काढायला जाऊ नका.

दिवसा उघड्या किनाऱ्यावर शटरची चिंताच नसते, उजेड भरपूर असतो. फसगत होते ती सूर्य टेकल्यावर. डिसेंबरात सहाच्या थोडं पुढे, जूनमध्ये सातनंतर सूर्य बुडतो आणि पुढच्या वीस मिनिटांत उजेड झपाट्याने उतरतो. आपल्या डोळ्यांना ते जाणवत नाही. कॅमेरा ए मोडवर (ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, तुम्ही ठरवायचं, शटर कॅमेऱ्याने) आणि आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची संवेदनशीलता, १०० वर अडकवलेला असेल तर तो गुपचूप शटर खाली आणत जातो: १/२५०, १/१२५, १/६०, १/२०. स्क्रीनवर उजेड ठीक दिसतो, म्हणून आपण खूश. घरी गेल्यावर कळतं.

म्हणून किनाऱ्यावर उतरण्याआधी मेनूत जाऊन ऑटो आयएसओ सुरू करा, त्यात सगळ्यात कमी शटर १/२५० ठेवा आणि जास्तीत जास्त आयएसओ ६४००. काही साध्या मॉडेलमध्ये कमीत कमी शटर ठरवायची सोय नसते. तिथे एम मोड लावून शटर १/२५०, ॲपर्चर एफ ४ आणि आयएसओ ऑटो ठेवायचा, काम तेच होतं. आयएसओ चढला की फोटोत दाणे येतील म्हणून घाबरू नका. दाणे नंतर सॉफ्टवेअरने बरेच कमी होतात, हललेला डोळा कुठलंही सॉफ्टवेअर खरेपणाने परत आणत नाही.

सूर्यास्तानंतरची आणखी एक सोय फार जण विसरतात. सगळे माणसाला समुद्राकडे पाठ करून उभं करतात. सूर्य बुडाल्यावर ते उलटं करा: माणसाचं तोंड पश्चिमेला, तुमची पाठ समुद्राला. आभाळाचा मऊ उजेड चेहऱ्यावर पडतो, शटर वर राहतं आणि मागे सुरूचं बन येतं. फक्त लाटांकडे तुमची पाठ आहे हे विसरू नका, भरती असेल तर विशेष.

हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव चालतो, तिथे नवख्याची खरी परीक्षा. माणसं हलत असतात, बोली ओरडत असतात, पाट्या उचलत असतात. शटर १/५०० ठेवाच, पण नुसत्या आकड्यावर विसंबू नका. प्रत्येक कामात एक थांबा असतो. पाटी डोक्यावर घेतली की मावशी चुंबळ नीट बसवायला क्षणभर मान ताठ ठेवते. तेव्हा दाबायचं. सिंधुदुर्गात रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढतानाही दोर मागे खेचून झाला की पुढच्या हाकेआधी सगळे जण एक दम घेतात, तोच तुमचा क्षण. आणि "मावशी, वाईच एक फोटो काढू?" हे आधी विचारायचं. परवानगी मिळालेलं माणूस तोंड चुकवत नाही, हा तांत्रिक फायदाही आहेच.

फोकस: नथ की डोळा?

आता ५० मिमी एफ १.८ घेतलेल्यांकडे येऊ. नवी लेन्स आली की पहिले काही महिने सगळे फोटो एफ १.८ वरच काढायचे, असा जणू अलिखित नियम आहे. हिशोब बघा. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ही लेन्स एफ १.८ ला, माणूस एक मीटरवर असेल तर साधारण तीन सेंटिमीटर एवढाच भाग शार्प देते. नथ घातलेल्या आजींचा जवळून फोटो घ्या. नथ पुढे, डोळा मागे. कॅमेऱ्याला मोती चकाकताना दिसतो, तो तिथे फोकस बसवतो, आणि मोत्यातला उजेड मोजून घ्यावा इतका स्पष्ट येतो. डोळे मात्र झोपाळू. चष्म्याचंही तेच, फोकस काड्यांवर किंवा काचेतल्या प्रतिबिंबावर जातो.

उपाय क्रमाने करा. आधी मागे सरून माणसापासून दीड मीटरवर या आणि ॲपर्चर एफ ४ करा (एफचा आकडा मोठा, तितकं भोक लहान आणि शार्प भाग जास्त). आता शार्प भाग चौदा सेंटिमीटरच्या आसपास झाला. नाकापासून कानापर्यंतचा बराचसा चेहरा त्यात बसतो. मग फोकसचा एकच बिंदू निवडा, कॅमेऱ्याला सगळे बिंदू वापरू देऊ नका. तो बिंदू तुमच्या जवळच्या डोळ्यावर न्या. मिररलेसमध्ये डोळा ओळखणारा फोकस असेल तर चालू करा, पण गॉगल, केसांची बट किंवा पदर आड आला की तोही फसतो, तेव्हा चौकट कुठे बसली हे बघूनच दाबा.

मधल्या बिंदूने डोळ्यावर फोकस घ्यायचा आणि मग कॅमेरा वळवून फ्रेम बसवायची, ही सवय लांबच्या फोटोला चालते. मीटरभरावर एफ १.८ ला चालत नाही. कॅमेरा पंधरा अंश वळला तरी फोकसची पातळी तीनेक सेंटिमीटर डोळ्याच्या मागे सरकते, म्हणजे होता नव्हता तो शार्प भाग संपला.

शांत बसलेल्या माणसाला एकदाच बसणारा फोकस, म्हणजे एएफ-एस किंवा वन शॉट. वाळूत उभं असलेल्या, चालणाऱ्या, खेळणाऱ्या माणसाला सतत पाठलाग करणारा, म्हणजे एएफ-सी किंवा कॅननवर सर्वो. पुळणीवर उभं राहिलेलं माणूस थोडं पुढेमागे होतच असतं, तुम्हीही होता. म्हणून तीन-चार फोटोंचा छोटा बर्स्ट मारा. त्यातला एक तरी नेमका सापडतो.

पूर्ण कुटुंब दोन ओळींत उभं असेल तर एफ ५.६ किंवा एफ ८, फोकस पुढच्या ओळीतल्या मधल्या माणसावर, आणि मागच्यांना सांगायचं, "चिकटून उभे राहा." ओळींमधलं अंतर कमी केलं की अर्धं काम तिथेच होतं.

किट लेन्सवाल्यांनी मन लहान करू नये. ५५ मिमीला एफ ५.६ वर पूर्ण चेहरा आरामात शार्प येतो. मागचं धूसर हवं असेल तर माणसाला भिंतीपासून चार पावलं पुढे आणा. चिऱ्याच्या भिंतीला चिकटवून उभं केलंत तर कुठल्याच लेन्सने भिंत धूसर होणार नाही.

हात, रेती, बोट

डावा तळहात लेन्सच्या खाली, दोन्ही कोपरं बरगड्यांना, श्वास अर्धा सोडून बटण दाबायचं. हिसका नको, हळू पिळल्यासारखं. माडाला किंवा सुरूच्या खोडाला खांदा टेकवला तर आणखी बरं.

फेरीबोटीवर मात्र टेकायचं नाही. दाभोळ-धोपावे किंवा वेश्वी-बागमांडला अशा फेरीवर कठड्याला कोपर टेकवलं, की इंजिनाची थरथर सरळ कॅमेऱ्यात येते. पाय फाकवून, गुडघे सैल ठेवून मोकळे उभे राहा आणि शटर १/५०० च्या वर न्या.

ट्रायपॉड पुळणीवर नुसता ठेवला तर हळूहळू खचतो. पाय रुंद करून ओल्या रेतीत दाबून बसवा, मधला दांडा वर काढू नका. लाट येते त्या पट्ट्यात तर लावूच नका, प्रत्येक लाट पायाखालची रेती काढून नेते. वाऱ्यात ट्रायपॉडला बॅग टांगायचा सल्ला मिळतो, पण झोके खाणारी बॅग ट्रायपॉडलाच हलवते. टांगायची तर ती जमिनीला टेकेल इतकी खाली टांगा. घरी आल्यावर पाय गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर पुढच्या वेळी नळ्या अडकतील.

दुपारी लांब लेन्सने तापलेल्या पुळणीच्या पलीकडचं माणूस टिपलं आणि चेहरा पाण्यात बघितल्यासारखा आला तर तो तापलेल्या हवेचा खेळ. त्याला सेटिंग नाही. जवळ जा किंवा सकाळी या.

माजघर आणि रंगपट

जुन्या कोकणी घरात फोटो काढायचा मोह सगळ्यांना होतो, आणि तिथेच सगळ्यात जास्त फोटो हलतात. माजघर दुपारीही अंधारं असतं. आयएसओ चढवण्याआधी माणूस हलवा: आजींना माजघरातून ओटीच्या दाराशी आणा, तोंड खळ्याकडे करून दाराच्या आत हातभर बसवा. उजेड कितीतरी पटीने वाढतो आणि मागे घराचा काळोख आपोआप राहतो. सुरुवातीला आयएसओ ८००, एफ २.८, १/१६० ठेवून बघा, मग उजेडाप्रमाणे आयएसओ कमीजास्त करा. किट लेन्सला एफ २.८ नाही, तिथे एफ ५.६ आणि आयएसओ ३२०० धरा.

फ्लॅश असेल तर तो छताकडे वळवायचा सल्ला इथे उपयोगाचा नाही. वर पांढरं छत नसतं, कौलं आणि काळे पडलेले वासे असतात, उजेड तिथेच जिरतो. बाजूला चुन्याची भिंत असेल तर तिच्यावर फ्लॅश मारा. शटर मात्र १/२०० च्या आसपासच ठेवा. अंधारातही १/१५ वगैरे ठेवलंत तर फ्लॅशने गोठवलेल्या चेहऱ्याच्या कडेला खोलीतल्या दिव्याची एक पुसट सावली उमटते.

दशावताराचा खेळ रात्री रंगतो, पण पोर्ट्रेट हवं असेल तर त्याआधी रंगपटात जा, अर्थात विचारून. नट आरसा घेऊन स्वतःचा चेहरा स्वतः रंगवत बसलेला असतो, म्हणजे जवळजवळ स्थिर. इथे एक गंमत आहे. आरशातल्या चेहऱ्याचा फोटो घेताना फोकस नेहमी आरशाच्या चौकटीवर किंवा काचेवरच्या डागावर बसतो. चौकट शार्प, चेहरा धूसर. कारण कॅमेऱ्यासाठी प्रतिबिंब काचेवर नसतं, ते आरशाच्या पलीकडे असतं: तुमच्यापासून आरसा, अधिक आरशापासून नटाचं तोंड, इतक्या अंतरावर. फोकसचा बिंदू प्रतिबिंबातल्या डोळ्यावर न्या, आणि बसत नसेल तर सरळ मॅन्युअल फोकस करून स्क्रीनवर मोठं करून बघा.

मोबाइलवाल्यांसाठी

आधी लेन्स पुसा. खिशातला घाम, सनस्क्रीन आणि खार यांचा लेप मोबाइलच्या काचेवर कायम असतो.

पोर्ट्रेट मोड मागचं धूसर करतो ते हिशोबाने, लेन्सने नाही. कुठे माणूस संपतं आणि कुठे मागचं सुरू होतं याचा तो अंदाज बांधतो. वाऱ्याने उडणारे केस, गजरा, झुबे, चष्म्याची काडी, पदराचं टोक यांत तो चुकतो आणि अर्धा कान पुसून टाकतो. केस बांधलेले असतील, मागचं लांब आणि साधं असेल तर निकाल बरा येतो. धूसरपणाचा आकडा कमी करायची सोय बऱ्याच फोनमध्ये फोटो काढल्यानंतरही असते, ती वापरा. ब्यूटी मोड बंद ठेवा. सुरकुत्या पुसलेला चेहरा आऊट ऑफ फोकसच वाटतो.

संध्याकाळी दोन-तीन पटीची टेलि लेन्स निवडली तरी उजेड कमी पडल्यावर पुष्कळ फोन गुपचूप मुख्य कॅमेऱ्याचाच फोटो कापून मोठा करून देतात. त्यापेक्षा मुख्य कॅमेरा ठेवून दोन पावलं पुढे जा. नाइट मोड सेकंदभर किंवा जास्त वेळ उघडा राहतो, त्यात माणसाने दम धरून बसायला हवं. लहान मुलांसाठी तो बंदच बरा. स्क्रीनवर बोट आपटून फोटो काढण्यापेक्षा आवाजाचं बटण हलकेच दाबा, फोन टेकवून ठेवला असेल तर दोन सेकंदांचा टायमर लावा.

हे सगळं सांभाळून काढलेला फोटो पाठवला आणि समोरून "धूसर आलाय" असं उत्तर आलं, तर कॅमेऱ्यावर संशय घेण्याआधी तो पाठवला कसा ते बघा. व्हॉट्सॲप नेहमीच्या पद्धतीने फोटो दाबून लहान करतं. एचडी निवडा, किंवा फाइल जशीच्या तशी जायला हवी असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.